पातोळ्यांचं पीठ आणि पलटणीचं इंजिन

तेहतीस वर्षं ज्या खात्यात नोकरी केली त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येते. एवढंच सांगतो की त्या खात्याचा आणि तुमच्या घरातल्या बल्बचा जवळचा संबंध आहे. तिथे मी हेडक्लार्क होतो. खांबावर चढतो तो लाईनमन, त्याला चढायला सांगतो तो इंजिनिअर आणि तो चढल्याची नोंद ठेवतो तो हेडक्लार्क, हे मी आमच्या केळबायवाड्याला तेहतीस वर्षं समजावून सांगितलं. काही उपयोग झाला नाही. करंट गेला की माणसं सरळ माझ्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, येऊन ओरडतात, "गोकुळदासबाब, करंट खंय गेलो?" जणू मीच तो खिशात घालून घरी आणलाय. निवृत्त झाल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. उलट वाढलं, कारण आता मी दिवसभर घरीच सापडतो.

हेही मी सोसलं असतं. पण माझ्या बायकोची, सुलोचनेची, पिठाची गिरण आहे, आणि गिरण करंटावर चालते. आमच्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, मोदक-पातोळ्यांना लागणारे तांदूळ घरी धुतात, सावलीत सुकवतात आणि लगेच दळून आणतात. एक दिवस उशीर झाला तर पावसाळी हवेत ते आंबूस होतात आणि देवाला चालत नाहीत. वाड्यावरच्या बावीस घरांचं हे पीठ सुलोचना दळते. गेल्या चवथीला ऐन वेळी दोन दिवस करंट नव्हता. बायका पिशव्या घेऊन रिक्षाने साखळीला गेल्या, दोघींनी तर दुकानातलं पाकिटाचं पीठ आणलं. सुलोचना गिरणीच्या पायरीवर बसून राहिली आणि जाणाऱ्या पिशव्या बघत राहिली.

ते मला बघवलं नाही. पुढच्याच आठवड्यात देवळातल्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पुढच्या चवथीला गिरण बंद राहणार नाही. हा गोकुळदास मळकाचा शब्द आहे." टाळ्या पडल्या. हेडक्लार्कच्या आयुष्यात टाळ्या फक्त निरोपसमारंभाला पडतात, त्यामुळे मला सवय नव्हती. मी आणखी दोन वाक्यं बोललो. ती इथे सांगत नाही, पण त्यात "प्राण गेला तरी" असे शब्द होते.

नव्या जनित्राची किंमत ऐकल्यावर मी दुकानदाराकडे पाणी मागितलं. मग कोणीतरी सांगितलं की बेळगावच्या बाजूला एक भंगारवाला लष्कराच्या लिलावातला माल विकतो. मी गेलो, पाहिलं आणि प्रेमात पडलो. गडद हिरवं, बुटकं, भरभक्कम डिझेल जनित्र. अंगावर पांढरे आकडे, पितळी पट्टी, पट्टीवर १९८८ साल. आजकालच्या वस्तूंचे पत्रे बोटाने दबतात, याला मी जोराने थोपटलं तर माझाच हात दुखला. "पलटणीचा माल आहे साहेब, कधी फसवणार नाही," भंगारवाला म्हणाला. सैन्याने ते का विकलं असावं, हा प्रश्न मला घाटातून परत येताना सुचला.

एकेकाळी खनिज वाहणाऱ्या आणि आता मिळेल ते वाहणाऱ्या एका टिपरमधून ते आमच्या वाड्यावर उतरलं. दहा माणसं लागली. आमचे शेजारी पुंडलिक हवालदार, सैन्यातून सतरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले, त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "हांव हाका वळखतां. बर्फात आमच्यावांगडा आशिल्लें." सगळ्या सैन्यात एकच जनित्र होतं की काय, असं मी विचारलं नाही. त्या दिवशी मला कोणाशी वाद घालायचा नव्हता. पोरं येऊन इंजिनाला सलाम ठोकून जात होती आणि मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकी माणसं बघत नव्हती.

ते सुरू झालं, हे मुद्दाम सांगतो. हँडल मारल्यावर तिसऱ्या फेरीला धडधडलं आणि पिंपळावरचे सगळे कावळे उडाले. फक्त ते गळत होतं. डिझेलच्या नळीच्या जोडातून डिझेल, डोक्यावरच्या झाकणाखालून काळं तेल, पोटाशी एक लोखंडी दार होतं त्याच्या कडेने आणखी तेल, आणि रेडिएटरमधून पाणी. दहा मिनिटांत त्याच्याखाली एक तळं झालं.

सुलोचना गिरणीच्या दारातून हे सगळं बघत होती. ती जवळ आली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "पिठाक डिझेलाचो वास आयलो तर देव जेवचो ना, आनी बायलो परत येवच्यो नात. एक थेंब गळता तोपर्यंत हें गिरणीक जोडूंक दिवचें ना."

"एक थेंब म्हणजे अगदी एक?"

"एक."

असा माझा शब्द एका थेंबावर येऊन अडकला. चवथीला तेव्हा तीन महिने होते. तीन महिने म्हणजे पुष्कळ, असं मला वाटलं. सरकारी नोकरी केलेल्या माणसाने असं वाटून घ्यायला नको होतं.

गळती ही गोष्ट अशी आहे की तिच्यावर प्रत्येकाकडे उपाय असतो. दात दुखायला लागला तरी इतके वैद्य जमत नाहीत. वाड्यावरच्या यशोदामावशी, वय पंच्याहत्तर, गिरणीच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक, म्हणाल्या की फणसाचा चीक लाव. टिपरवाल्याने डिझेलच्या जोडावर कपड्याचा साबण घासला. साबण घट्ट बसला, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या पावसात इंजिनाला फेस आला आणि रस्त्याने जाणारी माणसं थांबून विचारायला लागली की आंघोळ घालताय का. रेडिएटरमध्ये हळद घाला, हा सल्ला मात्र सहा जणांनी स्वतंत्रपणे दिला, म्हणून मी तो मानला. गिरणीत हळद मिळायला अडचण नव्हती. दोन कुलेर, म्हणजे दोन चमचे, घालायची होती. यशोदामावशींच्या मते ती चिमटीभर झाली, तेव्हा त्यांनी वाटीभर ओतली. इंजिन तापलं, झाकण उडालं आणि ऊन पिवळं पाणी माझ्या डोक्यापासून धोतरापर्यंत आलं. "हळद लागली गो नवऱ्याक!" असं यशोदामावशी ओरडल्या, आणि गिरणीच्या रांगेतल्या बायका पिशव्या खाली ठेवून हसल्या. मी घरात गेलो. पाणी गळायचं मात्र थांबलं होतं, हे मी तासाभराने बाहेर येऊन सर्वांच्या नजरेस आणून दिलं.

राहिलं तेल. त्यावर सगळ्यांचं एकमत होतं की नट सैल आहेत. आमच्या वाड्यावर एक पद्धत आहे. कोणाच्या घरी आजारी माणूस असेल तर जाणारा-येणारा त्याची नाडी बघून जातो. तसं माझ्याकडे जो येई तो पाना उचलून एक आटा देऊन जाई. टिपरवाल्याने दिला. पुंडलिक हवालदारांनी रोज सकाळी कवायत केल्यासारखे दोन दिले. देवळाच्या भटजींनी मोदकाच्या हाताने एक दिला. लिहायलाही लाज वाटते, पण मळकाच्या अंगणात तोफ उतरवली आहे अशी कोणीतरी पोलिसांत वर्दी दिली, तेव्हा चौकशीला आलेल्या शिपायाने तोफ नाही याची खात्री करून घेतली, चहा घेतला आणि निघताना एक आटा दिला. प्रत्येक आट्यानंतर तेल थोडं जास्त गळायचं. शेवटी एका रविवारी मीच, माझ्याच घरच्या इंजिनाला मी सोडून सगळ्यांनी हात लावलाय या रागाने, पाना घेतला आणि जोर लावला. कट्ट आवाज झाला. बोल्टाचं डोकं माझ्या हातात होतं आणि धड इंजिनात.

त्याच आठवड्यात मला माझ्या जुन्या कचेरीत जावं लागलं. जनित्र बसवायला खात्याची परवानगी लागते, आणि ती घेतल्याशिवाय बसवण्याइतका मी बेशरम नाही. माझ्या जुन्या टेबलावर आता प्रज्योत बसतो. या मुलाला मी स्वतः फाईल बांधायला शिकवलं. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसली, चहा मागवला आणि माझा अर्ज वाचला. मग तो दुसऱ्यांदा वाचला.

"सर, एक त्रुटी आसा."

"कसली त्रुटी?"

"लिलावाच्या मूळ पावतीच्या तीन प्रती जाय. आनी यंत्राच्या चारही बाजूंचे फोटो, साक्षांकित."

"इंजिनाचे साक्षांकित फोटो? असलं परिपत्रक कुठल्या गाढवाने काढलं?"

प्रज्योतने एक फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली. परिपत्रक पंधरा वर्षांपूर्वीचं होतं. भाषा उत्तम होती. मसुद्याच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत छोटी सही होती, आणि ती माझी होती.

"सर, तुमीच म्हणटालात," प्रज्योत खाली बघत म्हणाला, "वळखीच्या मनशाचो अर्ज दोनदां वाचचो."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण पायऱ्या उतरताना माझी छाती भरून आली होती, हे कबूल करतो. आपण गेल्यावर टेबल ढासळतं असं प्रत्येक निवृत्त माणसाला मनातून वाटत असतं. माझं टेबल जागच्या जागी उभं होतं आणि त्याने मलासुद्धा सोडलं नव्हतं. पावती मिळवायला बेळगावची आणखी एक फेरी झाली. फोटो काढताना पुंडलिक हवालदार चारही फोटोंत सावधान उभे होते. परवानगी एकोणिसाव्या दिवशी आली. मी ठरवलेली मुदत एकवीस दिवसांची होती.

तोपर्यंत श्रावण संपत आला, आणि तुटलेला बोल्ट तसाच होता. तेव्हा टिपरवाल्याने बाबलीचं नाव काढलं. बाबली मूळचा दोडामार्गकडचा, सुर्लाच्या खाणीवर वीस वर्षं डंपरांचा मेकॅनिक. खाण थंडावली तरी तो तिथेच राहिला. आठवडाभर निरोप पाठवल्यावर, चवथीला चार दिवस असताना, तो आला. बारीक, काळा, कमी बोलणारा. हातात गोणपाटाची पिशवी आणि पिशवीत माझ्या दंडाएवढा पाना.

"ह्या इंजिन?" तो म्हणाला. "आमच्या डंपराचो स्टार्टर ह्याच्यापेक्षा मोठो होतो." मग त्याने वाकून प्रत्येक नटावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्या कोणी आवळल्यान?"

अंगणात पंधरा माणसं होती. सगळी आभाळाकडे बघायला लागली.

"गळता म्हणान आवळला नाय तुमी," बाबली म्हणाला. "आवळलास म्हणान गळता. आतली गॅस्केटा चेंगरून मेली. सगळा उघडूक व्हया, सगळी नवी घालूक व्हयी."

गॅस्केट म्हणजे दोन लोखंडी भागांच्या सांध्यात फट बुजवायला घालतात तो पापुद्रा. पण उघडायला तो तयार नव्हता. आधी गाऱ्हाणं घाला, म्हणाला. खाणीवर एवढा डंपर उघडतानासुद्धा घालत होते. मग नारळ ठेवला आणि बाबलीनेच हात जोडून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, केळबाय माते, हयल्या राखणदारा! आज ह्या गोकुळदासान पलटणीचा इंजिन हाडल्यान, ता गळता. कोणाची नजर लागली आसात, कोणाचो पानो लागलो आसात, ता सगळा मागे घे, आणि ह्याचा तेल ह्याच्या पोटात रवांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. पाना लावलेल्यांचा आवाज जरा जास्त मोठा होता.

दोन दिवस बाबलीने काम केलं आणि मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून ते बघितलं. सुरुवातीला देखरेख म्हणून बसलो, मग शिकायला. अडकलेला बोल्ट त्याने असा अलगद काढला की मला माझ्या जोराची शरम वाटली. डिझेलच्या जोडातली तांब्याची वायसर नवी नको म्हणाला. ती कडक झाली आहे, नरम करायला हवी. ती आम्ही शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, नेली. सोन्याचे दागिने करणाऱ्या माणसाने भट्टीत ती चिमट्याने धरून लाल केली, पाण्यात टाकली आणि कापसावर ठेवून माझ्या हातात दिली. डोक्यावरच्या झाकणासाठी डिचोलीहून बुचाच्या लाकडाचा पातळ तक्ता आणला, तो त्याने कापून बसवला. पोटाच्या दाराला जाड कागदाचं गॅस्केट लागतं. त्याचा एकच ताव दुकानात शिल्लक होता, तो आणला.

शुक्रवारी दुपारी वाऱ्यापावसाने वरच्या बाजूला झाड पडलं आणि करंट गेला. संध्याकाळी वाड्याबाहेर नेणारा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली गेला. म्हणजे डिचोली नाही, साखळी नाही, रिक्षा नाही. चवथ सोमवारची. आणि त्या दिवशी सकाळीच बावीस घरांतल्या बायकांनी तांदूळ धुऊन सुकत घातले होते, कारण त्यांना कोणीतरी शब्द दिला होता. बाबलीही आमच्याकडेच अडकला.

शनिवारी सकाळी बाबली चहा घेत होता. मी विचार केला, तेवढ्यात आपण कागद कापून ठेवू. दार खाली काढून ठेवलं होतं. त्यावर कागद ठेवून आखणी करायची, दहा भोकं पाडायची. कागदाला भोकं पाडणं हे काम मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कचेरीतला पंच माझ्याकडे होता. मी सुबक रेघ मारली, कात्रीने कापलं, दहा भोकं अशी एका मापात पाडली की कोणाही ऑडिटरने मान डोलावली असती. मग बाबली आला. त्याने ते इंजिनाला लावून बघितलं. दहापैकी चार भोकं जुळली. मी दार जमिनीवर पालथं असताना मोजमाप घेतलं होतं, आणि भोकांमधलं अंतर फाईलच्या सवयीने सारखं ठेवलं होतं. इंजिनाला ते सारखं नव्हतं.

बाबलीने तो कागद हळूच माझ्या हातात परत दिला, हे फार वाईट होतं. सुलोचना दारात होती. तिने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन चुलीवरचं काहीतरी ढवळायला लागली. मला त्या क्षणी साकवावरून उडी मारावीशी वाटली, पण पाणी साकवाच्या वरून जात होतं.

"दुसरो जाडो कागद बघा," बाबली म्हणाला. "ग्रीस लावन बसवतंय."

वाड्यावर निरोप गेला आणि तासाभरात आमच्या मेजावर ढीग झाला. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, मिठाईचे खोके, उदबत्तीचे पुडे. आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हिंदू घरातला प्रत्येक जाड कागद देवाचा असतो. पत्रिकेवर गणपती, आतल्या पानावर कुलदेवता, पाकिटाच्या झाकणावर पुन्हा गणपती. सिमेंटच्या दुकानाच्या कॅलेंडरवर शंकर-पार्वती. फटाक्यांच्या खोक्यावर लक्ष्मी. चवथीच्या तोंडावर गणपतीला काळ्या तेलात बुडवून दहा बोल्टांनी आवळायचं, ही कल्पना भटजींनी नुसती ऐकली आणि कानावर हात ठेवले. देव नसलेला एकच कागद आला, तो निवडणुकीच्या उमेदवाराचा. बाबलीने तो दोन बोटांत धरून वाकवला. "ह्यो दाब सोसूचो नाय," म्हणाला. पुंडलिक हवालदारांनी सैन्याच्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचं आवरण आणलं होतं, पण बाबलीने हात पुढे केल्यावर त्यांनी ते पाठीमागे नेलं. मी त्यांना दोष देत नाही.

तेवढ्यात बाबलीची नजर आमच्या भिंतीवर गेली. "तो कागद बरो जाडो दिसता," तो म्हणाला.

तो कागद म्हणजे माझं मानपत्र. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं, पणजीच्या छापखान्यातून खास आणलेल्या कागदावर, काचेत, सोनेरी चौकटीत. बाबलीला वाचायची सवय नव्हती. त्याला फक्त जाडी दिसली.

"ना," आतून सुलोचनेचा आवाज आला. ती हात पुसत बाहेर आली. "तें ना. दुसरें किदेंय घे बाबल्या, तें ना. तें हांव दर सुक्रारा पुसतां." तिचा आवाज जरा वर चढला होता. "तेतीस वर्सां नोकरी केल्या ताणीं, तेचें तें एकच आसा."

हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. काच स्वच्छ असते हे मी रोज बघत होतो, पण ती कोण पुसतं हे कधी मनात आलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिच्या लेखी माझी नोकरी म्हणजे सकाळी डबा आणि संध्याकाळी छत्री. मग मी खुर्ची ओढली, वर चढलो आणि स्वतःच्या हाताने चौकट उतरवली. बाहेर पायऱ्यांवर बावीस घरांच्या पिशव्या होत्या. त्यांच्यासमोर हा कागद भिंतीवर ठेवून मी चवथीला देवापुढे बसू शकलो नसतो.

वरती 'श्री' छापलेलं होतं. ते भटजींनी कात्रीने कापून देव्हाऱ्यात ठेवलं. बाकीचा कागद बाबलीने दाराच्या तोंडावर ठेवला आणि लहान हातोडीने कडेकडेने टकटक करत कापायला लागला. लोखंडाची धारच कागद कापते. भोकांवर बेअरिंगमधला एक छर्रा ठेवून तो ठोकायचा. पाच भोकं त्याने पाडली. मग हातोडी माझ्याकडे दिली.

"मी नको," मी म्हटलं.

"तुमचोच कागद," बाबली म्हणाला. "पाडा."

मी पाडली. पाचही जुळली. त्याने दोन्ही बाजूंना ग्रीस फासलं आणि विचारलं, "अक्षरां भायर की भितर?"

"आत," मी म्हटलं. "तेलाला वाचू दे." 'कार्यतत्पर', 'निष्कलंक' आणि 'खात्याचे आधारस्तंभ' हे शब्द इंजिनाच्या पोटात गेले. बाबलीने बोल्ट बोटांनी लावले, पान्याने समोरासमोरचे थोडेथोडे आवळले आणि पाना लगेच पिशवीत टाकला. पुंडलिक हवालदारांचा हात पुढे येत होता, तो तसाच मागे गेला.

बारा वाजता हँडल मारलं. इंजिन धडधडलं. सुलोचना आतून एक पांढरंशुभ्र धुतलेलं फडकं घेऊन आली, तिने ते इंजिनाखाली पसरलं आणि जवळच उभी राहून गिरणीतल्या घड्याळाकडे बघायला लागली. पाव तास, ती म्हणाली. सगळा वाडा त्या फडक्याकडे वाकून बघत होता. मी परीक्षेचा निकाल असा बघितलेला नाही. सातव्या मिनिटाला मध्यभागी एक ओला ठिपका पडला.

"पडलो!" कोणीतरी म्हणालं.

बाबलीने बोट लावलं, नाकाशी नेलं आणि जिभेवर ठेवलं. "खारट," तो म्हणाला. "गोकुळदासबाबांचो घाम. मागे सरा हो, इंजिनावर वाकान उभे रवलात!"

पाव तास झाला. सुलोचनेने फडकं उचलून उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, वास घेतला. मग घडी घातली आणि कोणाकडेही न बघता गिरणीत जाऊन चेंजओव्हरचा, म्हणजे खात्याचा करंट घ्यायचा की जनित्राचा ते ठरवणारा, दांडा जनित्राच्या बाजूला टाकला. जातं फिरायला लागलं.

मी इंजिनाशेजारी स्टूल टाकून बसलो आणि तिथून उठलो नाही. जेवणसुद्धा तिथेच आलं. घरांमागून घरं होत होती. पिशवी घेऊन बाहेर पडणारी प्रत्येक बाई आधी पिठात नाक घालायची, मग माझ्याकडे बघून मान हलवायची. माझी मान इतकी ताठ झाली होती की संध्याकाळी सुलोचनेला तेल चोळावं लागलं. यशोदामावशी रांगेत बऱ्याच मागे उभ्या होत्या, वाटीभर हळद ओतल्याबद्दल मी काही बोलीन या भीतीने. मी काही बोललो नाही. विजयी माणसाने उदार असावं.

साडेचारच्या सुमारास सोळा घरं झाली होती, तेव्हा गिरणीतला बल्ब पेटला. तो खात्याच्या तारेवरचा. लाईनमन मंडळींनी वरच्या बाजूने येऊन झाड तोडलं होतं आणि करंट परत आला होता.

रांगेतल्या माना वर झाल्या. "आयलो," कोणीतरी म्हणालं, पण आनंदाने नाही. सगळ्या बायका बल्बकडे बघत होत्या आणि मग सुलोचनेकडे. मी काटकसरी माणूस आहे. करंट असताना डिझेल जाळणं मला पाप वाटतं. माझं काम झालं होतं. मी उठलो आणि इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"खंय चल्ल्यात?" सुलोचना दारातून म्हणाली. तिच्या भुवयांवर, केसांवर पीठ होतं. "बसा थंय."

"अगो, करंट आलाय."

"आयलो तर आयलो." तिने दांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. "यशोदामावशे, हाड तुजी पिशवी. चवथीचें पीठ ह्या वर्सा आमच्या घरच्या इंजिनार जातलें."

यशोदामावशींनी पिशवी वर दिली. मी परत स्टुलावर बसलो. आणि माझ्या खात्याचा करंट, ज्याची आम्ही सगळ्यांनी जन्मभर वाट पाहिली, तो त्या संध्याकाळी सगळं दळण संपेपर्यंत आमच्या गिरणीच्या दारात ताटकळत उभा राहिला.